पायांपासून काढलेला माणूस

आमच्या नेकारसुल्मच्या इमारतीत वॉशिंग मशीनच्या डोक्यावर सिंह होता. तळघरातल्या सामायिक मशीनच्या वर एक प्लायवूडची पाटी ठोकलेली, तिच्यावर जीभ बाहेर काढून दमलेला पिवळाधमक सिंह, आणि त्याच्या आयाळीतून साबणाचा फेस ओघळतोय. खाली लाल अक्षरांत जर्मनमध्ये लिहिलेलं, ‘मीही दमतो. रविवारी मला हात लावू नका.’ लग्न होऊन जर्मनीत आल्यावर मी पहिल्यांदा मनापासून हसले ती ही पाटी वाचून.

पाटी आमच्या हाऊसमाइस्टरने रंगवली होती. हाऊसमाइस्टर म्हणजे इमारतीची देखभाल करणारा माणूस. जिन्यातले दिवे बदलायचे, दारातलं बर्फ ओढायचं, बॉयलरकडे बघायचं. हा घानाचा होता. कुमासी शहराच्या पुढे कुठेतरी त्याचं गाव, आणि तिथे तरुणपणी तो पाट्या रंगवायचा. न्हाव्यांच्या, शिंप्यांच्या, ट्रकच्या मागच्या फळ्यांच्या. मी पाहिला तेव्हा पन्नाशीला आलेला, उंच, खांद्यात जरा वाकलेला, निळ्या डगल्याच्या वरच्या खिशात पेन्सिलीऐवजी ब्रश.

इमारतीत नियम भरपूर आणि त्याने प्रत्येक नियमाचं चित्र केलं होतं. ओल्या कचऱ्याच्या डब्यावर केळ्यांचा मुकुट घातलेली जाडजूड बाई. कागदाच्या डब्यावर पेपर वाचणारी शेळी. आमच्या त्या भागात जिना झाडायची पाळी आठवड्याआठवड्याने घरोघर फिरते, आणि ज्याची पाळी त्याच्या दारावर एक पाटी अडकवतात. इतर इमारतींत ती छापील असते. आमच्या पाटीवर झाडू खांद्याला लावून उभा असलेला सैनिक होता, छातीवर पदकांसकट.

तळमजल्यावरच्या म्हाताऱ्या बाईंना हे अजिबात आवडत नसे. ‘ही काय सर्कस आहे का,’ असं त्या त्याला ऐकू जाईल असं म्हणायच्या. तो शांतपणे म्हणायचा, ‘गेनाऊ.’ गेनाऊ म्हणजे अगदी बरोबर. पण तो हा शब्द नेमका पटलं नाही की वापरायचा. गेनाऊ म्हणायचा आणि आपलं तेच पुढे चालू ठेवायचा.

त्याच्याबरोबर स्टेशनपर्यंत चालत जाणं ही शिक्षा होती. दर दुकानापाशी थांबायचा. ‘बघा मॅडम, या पाटीतलं आर अक्षर उपाशी आहे.’ बेकरीसमोर उभा राहून म्हणायचा, ‘या बीचं पोट बघा. ही बेकरी चालणार.’ प्लास्टिकच्या छापील पाट्यांकडे तो बघतही नसे. ‘त्यांच्या मागे माणूस नाही,’ एवढंच म्हणायचा.

आणखी एक गोष्ट होती. आम्ही आपल्या सवयीने चपला-बूट दाराबाहेर काढायचो. तो जाता-येता त्या जोड्या सरळ करायचा, टाचा भिंतीला लावून. एखादी चप्पल उलटी पडलेली दिसली तर हातातलं काम खाली ठेवून वाकायचा. मला वाटायचं, जर्मन शिस्त अंगात मुरलीय.

माझे सासरे त्या हिवाळ्यात आमच्याकडे राहायला आले. त्यांना घरातदारात सगळे नाना म्हणत. सासूबाईंना जाऊन वर्षही झालं नव्हतं. विद्युत मंडळात खांबावर चढण्यापासून सुरुवात करून फोरमन म्हणून निवृत्त झालेला हा माणूस, ज्याच्या आवाजाला लोक दचकायचे, तो आमच्या बैठकीतल्या खिडकीत कानटोपी घालून बसून असायचा. नवरा सकाळी कारच्या कारखान्यात जायचा तो अंधार पडल्यावर यायचा. नात चार वर्षांची होती. तिला मराठी समजायचं, पण उत्तर जर्मनमध्ये यायचं. नाना विचारायचे, ‘काय खाल्लंस गं आज?’ ती म्हणायची, ‘नूडेल्न, ओपा.’ नाना माझ्याकडे बघायचे, मी सांगायचे, नूडल्स, आणि ओपा म्हणजे आजोबा. हळूहळू त्यांनी विचारणंच सोडलं.

एकदा ती खेळता खेळता दार उघडून जिन्यात पळाली आणि नाना तिच्यामागे तसेच अनवाणी बाहेर आले. मी स्वयंपाकघरातून ओरडले, ‘अहो नाना, पायात काहीतरी घाला, फरशी गार आहे.’ आणि मागोमाग बाहेर गेले.

खालच्या वळणावर हाऊसमाइस्टर बादली घेऊन उभा होता. ‘नाना’ ऐकून त्याने मान वर केली. मग त्याची नजर नानांच्या पायांवर गेली. बादली पायरीवर ठेवून तो वर आला, स्वतःच्या रबरी सपाता काढल्या, खाली गुडघ्यांवर बसला आणि नानांचा एकेक पाय उचलून त्यांत घातला. स्वतः नुसत्या मोज्यांवर. नाना इतके गोंधळले की काही न सुचून त्यांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला, आपण आशीर्वाद देतो तसा.

‘यांना तुम्ही काय म्हणालात?’ त्याने मला विचारलं.

‘नाना. घरात सगळे तसंच म्हणतात.’

‘आमच्याकडे गावाच्या राजाला नाना म्हणतात,’ तो म्हणाला. ‘आणि नानाने जमिनीला उघडा पाय लावायचा नसतो, मॅडम. कधीच नाही.’

मी हे नानांना मराठीत सांगितलं. नाना म्हणाले, ‘पेंटरसाहेबांना म्हणावं, आम्ही खांबावर चढणारी माणसं. राजे कसले.’ पण सपाता त्यांनी काढल्या नाहीत. आणि हाऊसमाइस्टरला ‘पेंटरसाहेब’ म्हणायचं ते त्या दिवसापासून. आम्ही इतकी वर्षं त्याला नुसतं ‘तो’ म्हणत होतो.

त्यानंतर तो रोज सकाळी दारात येऊन उभा राहायचा आणि नानांना तळघरात घेऊन जायचा. बॉयलरच्या खोलीत ऊब असायची. दोघांची मिळून इंग्रजी चार वाक्यांची. नाना मराठीत बोलायचे, तो त्याच्या भाषेत. वर खिडकीत दिवसभर गप्प बसणारा माणूस तळघरातून खाकरून मोठ्याने काहीतरी सांगताना ऐकू यायचा, तेव्हा मी भांडी घासायची थांबायचे.

एका सकाळी मी त्यांचा चहा घेऊन खाली गेले आणि पहिल्यांदाच ती खोली नीट पाहिली. बॉयलरच्या मागे भिंतीला टेकवून फळ्या उभ्या होत्या. बऱ्याच. पुढच्या फळीवर फक्त दोन पाय होते, काळ्या रुंद पट्ट्याच्या सोनेरी नक्षी केलेल्या वहाणांमध्ये, आणि वर कोरं लाकूड. तिच्या मागच्या फळीवर पायांच्या वर रंगीत वस्त्राचा घोळ. त्याच्या मागच्या फळीवर गुडघ्यांवर ठेवलेले हात, बोटांत अंगठ्या. काही फळ्यांवर माणूस जवळजवळ पुरा होता. एका खांद्यावरून घेतलेलं वस्त्र, डोक्यावर मोठी झालरीची छत्री, बसायला चौरंगासारखं आसन. फक्त मानेच्या वर काही नव्हतं. तपकिरी रंगाचा एक गुळगुळीत गोळा, नाक-डोळ्यांशिवाय.

‘हा कोण?’ मी विचारलं.

त्याने चहाचा कप दोन्ही हातांत धरला. मग सांगितलं. मधे मधे थांबून, कारण मी नानांना मराठीत सांगत होते आणि नाना पूर्ण समजल्याशिवाय पुढे जाऊ देत नव्हते.

हा त्याच्या गावचा नाना होता. जमिनीवरून गावात दोन तट पडलेले, आणि एका तटाला हा राजा नको होता. त्या दिवसांत राजाने स्वतः बोलावून त्याला काम दिलं. माझं चित्र काढ, वाड्याच्या दाराशी लावायचंय. तो तेव्हा विशीत. असं काम त्याच्या उस्तादालाही मिळालं नव्हतं. त्याने चेहऱ्यापासून सुरुवात केली, कारण चेहरा हीच त्याची ताकद होती. डोळे, कपाळावरची आठी, हनुवटी, सगळं असं उतरलं की येणारेजाणारे थांबून नमस्कार करू लागले. सगळं झालं, वहाणा तेवढ्या राहिल्या. सोनेरी रंग संपला होता. तो रंग आणायला शहरात गेला आणि जाताना फळी वाळावी म्हणून दुकानाबाहेर उन्हात ठेवून गेला.

‘राजाला गादीवरून उतरवतात तेव्हा काय करतात माहीत आहे?’ त्याने विचारलं. ‘सगळ्यांसमोर त्याच्या वहाणा काढून घेतात. पाय जमिनीला लागला की तो राजा राहत नाही.’

तो परत आला तेव्हा दुकानासमोर गर्दी होती. बाजाराचा दिवस. सगळ्या पंचक्रोशीने राजाला अनवाणी पाहिलं होतं. विरोधी तटातली माणसं म्हणत होती, बघा, चित्रात झालंच आहे, आता खरं करायचं बाकी आहे. आणि त्यांनी ते खरं केलं. त्या गडबडीत वाडा जळला, फळी जळली, राजाचे फोटो होते तेही जळले. राजा सीमेपलीकडे कुणाच्या तरी कोकोच्या मळ्यात जाऊन राहिला, एकटा. आणि पेंटरला राजाच्या माणसांनी गावातून हाकललं. त्यांची खात्री होती की त्याने हे मुद्दाम केलं.

‘मुद्दाम नव्हतं ना?’ नानांनी विचारलं. मी विचारायला कचरत होते ते त्यांनी सरळ विचारलं.

‘नाही, नाना.’

‘मग झालं तर.’

‘झालं नाही,’ तो म्हणाला. ‘तेव्हापासून मी पायांपासून काढतो. आधी वहाणा. पण वर पोचेपर्यंत चेहरा निघून गेलेला असतो. त्याची अंगठी आठवते. नखं आठवतात. चेहरा आठवत नाही.’

बॉयलर घुरघुरत होता. नानांनी गार झालेला चहा एका घोटात संपवला. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, ‘मला पण हिचा चेहरा सलग दिसत नाही आता. हात दिसतात.’ ते सासूबाईंबद्दल बोलत होते. हे मी भाषांतर करून सांगितलं नाही. त्याला ते कळलं असावं, कारण त्याने उठून नानांच्या खांद्यावरची शाल सारखी केली.

थंडी ओसरत आली होती तेव्हा श्टुटगार्टहून एक माणूस त्याला भेटायला आला. त्याच्याच गावचा, वयाने बराच लहान, चांगला कोट घातलेला. मी तळघरात कपडे वाळत घालत होते, त्यामुळे मला दिसलं. बसायला दिलेल्या खुर्चीवर तो बसला नाही. बोलणं त्यांच्या भाषेत झालं, ते पेंटरने नंतर मला सांगितलं. म्हातारा राजा तिकडे मळ्यातच मेला, तिथेच पुरला गेला. आता गावात त्याच्या भाच्यांना, तिकडे वारस भाचेच असतात, जोर आला होता आणि त्यांना त्याचा अंत्यविधी थाटाने करायचा होता. प्रेत नाही, फोटो नाही. समोर ठेवायला काहीतरी हवं होतं. भाच्यांनी निरोप पाठवला होता, तू त्याला चित्राने खाली उतरवलंस, आता चित्रानेच वर बसव.

दुसऱ्या सकाळी तो आमच्या दारात आला तेव्हा अंगावर इस्त्रीचा शर्ट होता. नानांना म्हणाला, ‘तुम्ही माझ्यासाठी बसाल का?’

‘मी?’ नाना म्हणाले. ‘अहो, मी कुठला आणि तो कुठला.’

‘तुम्हाला नाना म्हणतात,’ तो म्हणाला. त्याच्या लेखी तेवढं पुरेसं होतं.

नाना बसले. घरात होती ती सोलापुरी चादर एका खांद्यावरून घेऊन, कानटोपी काढून, सरळ पाठीने. कानटोपी त्यानेच काढली, दोन्ही हातांनी, पगडी उतरवावी तशी. मी मधून मधून चहा घेऊन जायचे. दोघं बोलत नसत. नानांच्या चेहऱ्यावर असं काहीतरी आलं होतं जे मी लग्नाच्या सुमारास पाहिलं होतं, ते फोरमन असतानाचं. नवऱ्याने एकदा रविवारी खाली येऊन पाहिलं आणि लगेच वर निघून गेला. म्हणाला, ‘बाबा आईबरोबर असताना असे बसायचे.’

चित्र पुरं झालं. वहाणा, वस्त्र, छत्री, अंगठ्या, सगळं त्याच्या गावचं. वर्णही तिकडचा. आणि डोळे, कपाळ, नाकापासून ओठांपर्यंत उतरणाऱ्या त्या दोन खोल रेषा आमच्या नानांच्या. नाना बराच वेळ त्यासमोर उभे राहिले. म्हणाले, ‘बरा दिसतोय.’ स्वतःला म्हणाले की त्या दुसऱ्याला, मला कळलं नाही.

श्टुटगार्टचा माणूस येऊन फळी घेऊन गेला. त्याने तो राजा कधी पाहिलाच नव्हता. व्हिसा संपत आला तसे नानाही पुण्याला परत गेले. विमानतळावर निघताना पेंटरने त्यांचे बूट पुसून दिले, नाना नको नको म्हणत असताना.

उन्हाळ्यात अंत्यविधीचे फोटो आले. तो ते घेऊन वर आला आणि आमच्या टेबलावर मांडून बसला. मांडवात लाल-काळी वस्त्रं नेसलेली शेकडो माणसं, मधोमध उंच आसनावर फुलांत ठेवलेली ती फळी. सगळ्या फोटोंत आमचे नाना. एका फोटोत एक फार म्हातारी बाई फळीच्या गालावर हात ठेवून रडत होती.

‘ही राजाची सख्खी बहीण,’ तो म्हणाला. ‘ती म्हणाली, हाच तो. फक्त थकलाय.’

‘मग चांगलंच झालं की,’ मी म्हणाले.

‘मॅडम,’ तो म्हणाला, ‘मला वाटत होतं मीच विसरलोय. तिकडे कुणालातरी तो आठवत असेल, असं धरून मी इतकी वर्षं राहिलो.’

मी त्याच्यासाठी पाणी आणायला उठले. परत आले तेव्हा तो वेगळ्याच आवाजात म्हणाला, ‘आणि मी काय केलं ते बघा. जिवंत माणसाचा चेहरा मी मयताला ठेवला.’

हे त्याच्या डोक्यातून जाईना. एकदा त्याच्या ब्रशाने एका राजाला उतरवलं होतं, आता दुसऱ्या नानांचं काहीतरी होणार, असं त्याच्या मनाने घेतलं. रोज सकाळी झाडू घेऊन आमच्या मजल्यावर थांबायचा. ‘नाना कसे आहेत?’ मी म्हणायचे, बरे आहेत. ‘आज बोललात?’ बोलले नसेन तर तिथेच उभा. शेवटी मी पुण्याला फोन लावून नानांना सगळं सांगितलं. मला वाटलं अशुभ म्हणून चिडतील.

नानांनी विचारलं, ‘लोक रडले का?’

‘हो नाना. खूप.’

‘बायकाही?’

‘हो.’

‘बरं झालं,’ ते म्हणाले. ‘त्या बिचाऱ्याला कुणी रडलं तरी. पेंटरसाहेबांना सांग, मी ठणठणीत आहे.’

आणि त्यांनी स्टुडिओत जाऊन एक फोटो काढून घेतला आणि पोस्टाने पाठवला. खुर्चीवर बसलेले, इस्त्रीचा सदरा, पायात नवे करकरीत काळे बूट. पेंटरने फोटो हातात घेतला तेव्हा आधी बूट पाहिले. चेहऱ्याकडे बघायला त्याला वेळ लागला.

पण त्यानंतर त्याने काही रंगवलं नाही. इमारत नव्या मालकाकडे गेली. व्यवस्थापनाच्या बाई छापील, प्लास्टिक चढवलेल्या सूचनांचा गठ्ठा घेऊन आल्या आणि म्हणाल्या, ही चित्रं काढून टाकायची. तळमजल्यावरच्या म्हाताऱ्या बाई, ज्या जन्मभर सर्कस म्हणाल्या, त्याच दारात येऊन म्हणाल्या, ‘सैनिक तरी राहू दे.’ मला वाटलं आता हा गेनाऊ म्हणेल. तो म्हणाला, ‘ठीक आहे.’ स्क्रू ड्रायव्हर घेऊन त्याने एकेक पाटी उतरवली, सिंहसुद्धा. बॉयलरच्या मागच्या बिनचेहऱ्याच्या फळ्याही त्याने करवतीने कापल्या आणि टाकाऊ लाकडाच्या गाडीत नीट रचून दिल्या. मुलगी दुसऱ्या दिवशी मशीनपाशी जाऊन विचारत राहिली की सिंह कुठे गेला. तिने ते मराठीत विचारलं, का कोण जाणे.

पुढच्या वर्षी तो हॅम्बुर्गला गेला. तिकडे त्याच्या देशाची माणसं बरीच आहेत, एका गोदामात काम मिळालं होतं. आम्हीही नंतर ब्योब्लिंगेनला राहायला गेलो. पण दर वर्षी नाताळच्या सुमारास त्याचा फोन यायचा. स्वतःबद्दल काही सांगत नसे. रंगवता का, असं मी विचारलं की विषय बदलायचा. ‘नाना कसे आहेत?’ एवढंच. मी सांगायचे. मोतीबिंदू काढला, गच्चीवर फिरतात, गुडघा दुखतो. तो प्रत्येक गोष्ट पुन्हा म्हणून बघायचा, गुडघा, कुठला, डावा. मग बरं म्हणून फोन ठेवायचा.

नाना दिवाळीच्या आधी गेले. झोपेत, काही त्रास न होता. नवरा जाऊन सगळं करून आला. त्या वर्षी नाताळ जवळ आला तशी मला फोनची धास्ती वाटायला लागली. त्या माणसाला मी काय सांगणार होते? इतक्या वर्षांनी, म्हातारपणाने गेले, याचा चित्राशी काही संबंध नाही, हे त्याला पटणार नव्हतं.

फोन आला. ‘नाना कसे आहेत?’

‘नाना गावाला गेलेत,’ मी म्हणाले. आपण म्हणतो तसं, तोंडात आलं ते. ‘त्यांच्या गावी. साताऱ्याकडे. तिकडे फोन नाही.’

‘गावाला,’ त्याने ते पुन्हा म्हणून बघितलं.

मग तो अगदी हळू म्हणाला, ‘मॅडम, आमच्याकडे गादीवर असलेला नाना मेला, असं कुणी म्हणत नाही. तसं म्हणायचं नसतं. नाना गावाला गेले, असंच म्हणतात.’

तो पुढे म्हणाला, ‘माझ्या म्हाताऱ्या नानासाठी असं कुणी म्हटलं नाही. गादी गेली होती ना. निरोप आला तो, मेला असाच आला. तुम्ही तुमच्या नानांसाठी बरोबर म्हणालात.’

‘तुमचे नानाही गावालाच गेले,’ मी कसंबसं म्हणाले.

त्याने ते ऐकलं की नाही मला माहीत नाही. फोन ठेवलेला होता.

त्यानंतर त्याचा फोन कधी आला नाही. माझ्याकडे विचारण्यासारखं त्याच्याजवळ तेवढं एकच होतं.